दोन आज्यांची एक आजी

आमच्या घराण्यात बाईचं नाव म्हणजे नवऱ्याच्या मर्जीचा माल. हे मी रागात लिहिते आहे. राग उतरल्यावर लिहीन म्हटलं असतं, तर कधीच लिहून झालं नसतं.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या चुलत काकांनी कुलसंमेलन काढलं. रिटायर माणूस, हाताशी वेळ, घरात कॉम्प्युटर. वंशावळीचं सॉफ्टवेअर घेतलं आणि मौद्याकडच्या गावातून नागपुरात येऊन पसरलेलं सगळं घराणं त्यात भरायला बसले. संमेलनाच्या दिवशी लॉनवर तो वंशवृक्ष भिंतीएवढ्या फ्लेक्सवर झळकणार होता. मी बायांच्या संघटनेत काम करते, पत्रकं लिहिते, राजपत्रात नाव बदलून हवं असेल त्यांचे अर्ज भरून देते. म्हणून काकांनी मला बोलावलं. "तू फक्त शुद्धलेखन पाह्य," म्हणाले. बाकी अक्कल घरी ठेवून ये, हे बोलले नाहीत एवढंच.

सोबत मोठी आत्या आली. घराण्यात हयात असलेली सगळ्यांत वडील तीच, त्यामुळे शाल-श्रीफळ तिलाच मिळणार होतं. ती माझ्या बाबांची सावत्र बहीण. तिची आई ती रांगत असतानाच गेली. मग आजोबांनी दुसरं लग्न केलं. ती दुसरी बायको म्हणजे माझी सख्खी आजी.

लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहितो, हे आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलं आहे, टाळ्याही वाजवल्या आहेत. आजोबांनी दुसऱ्या वेळी त्या तांदळात मेलेल्या बायकोचंच नाव लिहिलं. तशी रीतच होती म्हणे. बाई बदलली तरी घरच्यांना नवीन हाक शिकायची तसदी नको.

आता सॉफ्टवेअर. ते स्पष्ट विचारतं की जन्माचं नाव काय. लग्नातलं नाव, कोर्टातून किंवा राजपत्रातून बदललेलं नाव, असं प्रत्येक नाव खाली वेगळ्या ओळीत टाकायचं, कधीपासूनचं ते लिहून. काकांनी ही ओळ उघडलीच नाही. प्रत्येक बाईला त्यांनी सासरच्या नावानेच वर बसवलं. साहजिकच आजोबांच्या दोन्ही बायका नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं धरून तंतोतंत सारख्या निघाल्या. सॉफ्टवेअरने विचारलं, ही दोन माणसं एकच दिसतात, एक करू का? काका म्हणाले, कर.

एक होताना जन्मवर्ष माझ्या आजीचं राहिलं, म्हणून लाल इशारा आला: पहिल्या मुलीच्या, म्हणजे आत्याच्या, जन्मावेळी आईचं वय नऊ. मशीनलाही कसंतरी झालं असावं. काकांना नाही झालं. त्यांनी आजीचं जन्मवर्ष उचलून दहा वर्षं मागे ठेवलं. इशारा गेला. हे त्यांनीच मला कौतुकाने सांगितलं.

आत्याने चष्मा लावला, स्क्रीनजवळ वाकली. "माही माय कुठं आहे गा?"

"हे काय ताई, तुमची माय."

"हे इच्या बापाची माय. माही कुठं आहे?"

"दोघी एकाच नावाच्या ना. एक केलं का झाड साफ दिसते."

"माही माय मेली ते तुह्यं झाड साफ दिसाले काय?"

मी म्हटलं, काका, जन्माचं नाव वर टाका, भांडण मिटलं. काका हसले. "माहेरचं नाव कोणाले माहीत आहे? पुरावा पाहिजे ना काही."

"मले माहीत आहे," आत्या म्हणाली. "खापा गावचे मामा ज्या नावानं तिच्या गोष्टी सांगत, ते. आजवर कोणी विचारलंच नाही." आणि तिने ते नाव घेतलं. मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. "मामा आता नाही. मी आहो. मी कोणाची पोरगी, याचा पुरावा तू मले मागून राहिला काय?"

मी विचारलं, तुमच्या सुनेने लग्नानंतर नाव बदललेलं नाही, तिला कोणत्या नावाने टाकलंत?

"आपल्या."

"तिने घेतलंय?"

"घेईल ना. जाईल कुठं?"

मी माउस ओढून घेतला. दोघींना वेगळं केलं, जन्मवर्ष जागेवर आणलं, आत्याला तिच्या आईखाली नेलं. काका बघत होते, मानही हलवली. आत्या चहा पिऊन खुशीत घरी आली.

संमेलनात फ्लेक्सवर तीच एक आजी. काकांनी सगळं परत उलटं फिरवलं होतं. का, विचारलं तर म्हणे, "दोन बायका दाखवल्या का दोघी एकाच बाजूले येते, आजोबा फ्लेक्सच्या मधोमध येत नाही."

आत्याचं नाव पुकारलं. ती गेली, माईक घेतला. "ज्या बाईची पोरगी म्हणून हे शाल देऊन राहिले, ते मी नोहो."

"ताई, प्रोग्राम खराब होऊन राहिला."

"होऊ दे बापा."

शाल काकांच्या हातातच राहिली. आत्या मात्र पोटभर जेवली. उपाशी रुसणाऱ्यांतली नाही ती.

घरी आल्यावर मी माझी वेगळी फाइल उघडली. आत्याला शेजारी बसवलं आणि तिच्या आईला खाप्याच्या माहेरच्या नावाने वर लिहिलं, तांदळातलं नाव खालच्या ओळीत. आत्याने स्क्रीनवर बोट ठेवून ते वाचलं, परत वाचलं. मग माझ्या आजीची पाळी आली. जन्माचं नाव? मी बाबांना विचारलं.

"आम्ही आईच म्हणायचो," बाबा म्हणाले.

"मलेही नाही माहीत वं," आत्या म्हणाली. "ते आली तशी घरचे तिले माह्या मायच्याच नावानं हाका मारत. हाक ऐकली का मी धावत जायची. मले वाटे, माय आली."

तो रकाना मी रिकामा ठेवला आहे. काकांना कळवलंय: पुढच्या फ्लेक्सवर तिथे रिकामी जागाच छापायची. आजोबा मधोमध आले नाहीत तरी चालेल.