आमच्या आडनावाचा इंग्रज

आम्ही गोरे. घरात गोरं कोणीच नाही, त्यामुळे शाळेत थट्टा व्हायची, तेवढंच त्या आडनावाचं महत्त्व. मी आदिलाबादच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. कॉलेजच्या वेबसाइटवर माझं नाव पाहून इंग्लंडमधल्या एका निवृत्त गृहस्थानं मला मेल केला. त्याचं आडनाव इंग्रजीत अक्षर न् अक्षर आमचंच. उच्चार मात्र ‘गोर’. जगभरातली आपल्या आडनावाची माणसं शोधून त्यांची घराणी जुळवायची, हा त्याचा छंद. त्याच्या पणजोबांचा भाऊ निजामाच्या काळात कोळसा शोधायला मंचेरियलकडे आला आणि परतलाच नाही, असं त्याच्या घरात सांगत. तुम्ही त्याचे वंशज तर नाही, असं त्यानं विचारलं होतं.

मला वाटलं, फसवणुकीचा हा नवा प्रकार असावा. आता बँकेचा नंबर मागेल, म्हणून मी वाट पाहिली. त्यानं तो मागितला नाही. हैदराबादला येतोय, तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना भेटायचंय, एवढंच लिहिलं.

वडीलधारे म्हणजे काका. तलमडुगुजवळच्या गावात कापूस आणि ज्वारी पिकवणारे.

“कायले येते थो?” काकांनी फोनवर विचारलं.

“आडनावासाठी.”

“आडनावासाठी कोणी इमानाचं तिकीट काढते का, पोरी?”

तो आला. काकांनी त्याला घरात नेलं नाही, अंगणातच खुर्ची टाकली. चहा घेता घेता तो उत्साहानं सांगू लागला, जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ जमिनीचा तिकोनी तुकडा. त्या तुकड्याजवळ राहणाऱ्यांना हे आडनाव पडलं. मी मराठीत सांगितलं आणि काकांचा कप ओठांशीच थांबला. नाल्याकाठचं आमचं वावर तिकोनी आहे.

“याले आपलं वावर कोणं दाखवलं?” ते हळूच म्हणाले.

“कोणीच नाही, काका.”

“मंग आकार कसा मालूम?”

एवढ्यात पाहुण्यानं हसत विचारलं, तुमची शेती कुठे आहे, बघता येईल का? आणि मोबाइलवर नकाशा उघडला. जमिनीचे दाखले ऑनलाइन गेल्यापासून गावात एकाची बांधालगतची जमीन भलत्याच्या नावावर दिसत होती. काका त्याला थेट म्हणाले, “वावर नाई आमाले.” वावरात कापूस उभा होता. मी मान खाली घालून तेच इंग्रजीत सांगितलं.

मग त्यानं पिशवीतून प्लास्टिकची छोटी नळी काढली. यात थुंका, प्रयोगशाळेत नातं कळेल, म्हणाला.

काका उठून उभे राहिले. “आधार कार्डाले अंगठा झाला, डोये झाले, आता थुकी बी पायजे?”

मी काही बोलणार तोच ते पुन्हा बसले आणि अगदी शांतपणे सांगू लागले. आमचं मूळ आडनाव वेगळंच. आम्ही पैनगंगेपलीकडून आलो. माझ्या आजोबांना शाळेत घातलं तेव्हा त्याच आडनावाची दोन पोरं वर्गात होती, म्हणून मास्तरनं आपल्या मनानं गोरे लिहिलं. बस्स.

हे मीही पहिल्यांदाच ऐकत होते. पाहुण्याचा चेहरा उतरला. त्यानं सगळं टिपून घेतलं, काकांशी हात मिळवला. परतताना गाडीत मात्र त्यानं मला दोनदा विचारलं, ती शाळा कोणती? मला सांगता आलं नाही. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “तुझ्या काकांनी फार पटकन सांगितलं.”

दुसऱ्या दिवशी तो मंचेरियलला गेला. पुढे त्याचा मेल आला: तुमचं घराणं मी ‘संबंध नाही’ या यादीत घातलं आहे.

दिवाळीत बाजारहत्नूरला आत्याकडे गेले तेव्हा तिला ही गंमत सांगितली. ती हसायलाच लागली. “बाबा शाळेत गेले कुठी? अंगठा लावत होते ते!” मग हसू थांबवून म्हणाली, “तुह्या काकाचे डोये पाह्यले ना तू?”

काकांचे डोळे घारे. ते मी जन्मापासून बघत आले, त्याला काही अर्थ असेल असं कधी वाटलं नव्हतं. आत्यानं सांगितलं, काकांची आजी तरुणपणी साहेबांच्या तंबूवर पाणी भरायला जायची. तिच्या मुलाचे, म्हणजे माझ्या आजोबांचे, डोळेही तसेच. त्याउपर कोणालाच काही ठाऊक नाही. पण गावातली पोरं काकांना ‘सायबाचा’ म्हणून चिडवायची, आणि त्यापायी काकांनी एकाचा दात पाडला होता.

परतताना मी गावी थांबले. काका कापूस वेचत होते.

“वावरासाठी खोटं बोललात ना?”

“वावरासाठी भांडलो असतो.” त्यांचे हात चालूच होते. “पण माह्या आजीबद्दल काय लिवलं असतं थ्यानं?”

“कदाचित काहीच नाही.”

“कदाचितवर मी आजीले सोडत नाई.” मग थांबून माझ्याकडे पाहिलं. “तू सांगणार हायेस त्याले?”

“नाही.”

मी खरंच सांगितलं नाही. काकांचा पूर्ण विश्वास बसला नसावा. त्यांच्यासमोर माझा फोन वाजला की ते अजूनही हातातलं काम थांबवून विचारतात, “कोणाचा हाय?” मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवते.