जिंकणारीवर उधळलेली चॉकलेटं

पोरीने कुस्ती खरंच सोडली तर? तीन दिवस कानिमगुलच्या डोक्यातून ही काळजी हलत नव्हती. त्याआधीचं वर्षभर तिला काळजी होती ती पोरगी कुस्ती सोडत नाही याची.

कुंदुझ बावीस वर्षांची. पट्ट्याच्या कुस्तीत समोरचीच्या कमरेचा पट्टा धरून तिला गादीच्या वळकटीसारखी उचलायची. गेल्या वर्षी तिला टाइप वन मधुमेह निघाला आणि किर्गिझस्तानातल्या त्यांच्या नारीन गावातले सगळे नातेवाईक औषधं सुचवायला धावले. मामाच्या मते नजर लागली होती. काकू म्हणाली, तीन आठवडे डोंगरावर राहून घोडीचं आंबवलेलं दूध प्यायली की पोरगी इन्शुलिन विसरेल.

"काकू, त्यापेक्षा घोडीचं स्वादुपिंडच मिळतंय का बघ," कुंदुझ म्हणाली.

सहा महिन्यांनी ती नदीकाठी पळायला लागली. आधी दहा मिनिटं, मग वीस. पळण्याआधी आणि नंतर बोट टोचून साखर बघायची, आकडा पेनाने मनगटावर लिहायची. मागून बाजारात जायचे बूट घालून, थर्मास सांभाळत, धापा टाकत आई. बघणाऱ्यांना वाटे, आजारी आईच आहे.

पुढे ती सरावासाठी राजधानीत, बिश्केकला परत गेली. मग नारीनमध्येच स्पर्धा लागली आणि कुंदुझ तिथल्या वसतिगृहातून दोन दिवस घरी आली. आदल्या दिवशी तिचं जाकीट खुंटीला अडकवताना कानिमगुलच्या हाताला खिशात अकरा चॉकलेटं लागली. तीस वर्षं शाळेत साहित्य शिकवताना पोरांचे खिसे रिकामे करण्यात तिचा हात बसला होता. मधुमेहाची पुस्तिका तिने दोनदा वाचली होती, पण आहाराच्या प्रकरणापर्यंतच. व्यायामाचं प्रकरण तिच्या मते वाचण्यासारखं नव्हतंच. तिने अकराही चॉकलेटं काढून चांगल्या कपांमागे लपवली. खडसवायचं ते कुस्ती झाल्यावर, असं ठरवलं.

कुस्ती चार मिनिटंही टिकली नाही. कुंदुझचे हात थरथरायला लागले, पट्ट्यावरची पकड सुटली आणि ती उताणी पडली. जिंकलेल्या मुलीची आजी मैदानात घुसली आणि रीतीप्रमाणे नातीच्या डोक्यावरून मूठ मूठ चॉकलेटं उधळू लागली. पोरंसोरं वेचायला धावली. त्यांच्यात गुडघ्यांवर रांगत, घामाने थबथबलेली कुंदुझही होती. कागदासकट एक तोंडात कोंबलं, मग दुसरं, मग तिसरं. लोक हसू लागले.

"खा गं बाई," आजी म्हणाली. "कुस्ती आमची, चॉकलेटं तुझी."

थोड्या वेळाने, घसरलेली साखर वर येऊन भानावर आल्यावर कुंदुझने जाकिटाचे खिसे उलटेपालटे केले. "मीच घ्यायला विसरले," ती म्हणाली. शेजारी उभ्या कानिमगुलने तिला पाणी दिलं. मग रिकामं जाकीट घडी घालून हातावर घेतलं.

कुंदुझ दुसऱ्या दिवशी बिश्केकला परतली. तिथून निरोप आला: 'या आठवड्यात प्रशिक्षकांना सांगणार आहे. साधा खिसा भरायचं लक्षात राहत नाही, त्या डोक्याच्या भरवशावर मी मैदानात उतरणार नाही. आई, तुझंच बरोबर होतं.'

आई, तुझंच बरोबर होतं. हे वाक्य ऐकायला कानिमगुल बावीस वर्षं थांबली होती. आता नुसतं गप्प बसायचं होतं. पोरगी धडधाकट राहील, एखाद्या कचेरीत बसेल, बसून बसून गोल होईल. आणि कुठेही जाताना दहादा खिसे चाचपेल, तरीही स्वतःवर विश्वास ठेवणार नाही.

मधली सुट्टी संपायला आठ मिनिटं होती. चॉकलेटं आईनेच लपवली हे ऐकल्यावर पोरगी काय काय बोलेल याची कानिमगुलला नीट कल्पना होती, कारण तिला बोलायला तिनेच शिकवलं होतं. शिक्षक खोलीत भूगोलाचे मास्तर डबा खात होते. त्यांच्यासमोर शिव्या खाणं बरं दिसलं नसतं. ती कोट चढवून अंगणात गेली आणि कुंदुझचा नंबर लावला.