दोन्ही हात शाबूत

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? नक्की माहीत नाही.

माझी मुलगी हिंजवडीत नोकरी करते. तिने घरी एक सवय लावली आहे. जेवायला बसलं की आज कशाबद्दल आभार मानावेसे वाटतात, ते प्रत्येकाने सांगायचं. "नळाला पाणी आलं बाई एकदाचं," बायको रोज हेच म्हणते. मलाही आधी हसू यायचं. पण खरं सांगतो, त्या सवयीने माझ्या दिवसांना अर्थ आला. शिफ्ट, जेवण, झोप — दिवस नुसते निघून जायचे. आता सकाळचा चहासुद्धा कुणीतरी दिलेला वाटतो.

आणि तिथेच मी अडतो. कुणीतरी — म्हणजे कुणी?

माझी पाळी आली की मी म्हणतो, "दोन्ही हात शाबूत आहेत." मुलीला वाटतं, पप्पा देवाचे आभार मानतायत.

चाकणच्या कारखान्यात मी तेव्हा पत्रा दाबायच्या प्रेसवर होतो. दोन हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली यायची — हात आत राहू नये म्हणून. पण तसं काम सावकाश होतं. म्हणून आमच्यातले काहीजण एक बटण टेप लावून दाबलेलंच ठेवायचे. त्या दिवशी पत्रा अडकला. मी डावा हात आत घातला, आणि उजवा — सवयीने बटणावर गेला. आधीच्या शिफ्टला त्याच प्रेसवर असलेला सलीम घरी निघाला होता. त्याने मला मागून खेचलं. प्रेसखाली फक्त हातमोजा राहिला.

सुपरवायझरने विचारलं, "टेप कुणी लावली?"

दर दसऱ्याला त्या प्रेसला मी अजूनही झेंडूचा हार घालतो. हात जोडतो. लोखंडाला.

"मी आलो तेव्हा लावलेलीच होती, साहेब," मी म्हणालो. सलीम माझ्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरूनच परत पाठवलं. मी पुढे पर्मनंट झालो.

मागच्या महिन्यात चिखलीत माझी गाडी पंक्चर झाली. ढकलत गॅरेजवर नेली, तर समोर सलीम. केस पांढरे झालेले.

"हात बरा आहे ना, राव?" त्याने विचारलं, आणि चाक काढायला खाली बसला.

"बरा आहे," मी त्याच्या पाठीला म्हणालो.

त्या दिवशी जेवताना मुलीने विचारलं, "पप्पा, आज काय?" मी पुन्हा हातच म्हणालो.

टेप मी लावली होती.