सोनवणेभाऊंच्या चौकटी

आमचं ऑफिस बंद झालं तेव्हा टेबल-खुर्च्या ज्याने त्याने उचलून नेल्या. किस्से तेवढे माझ्या वाट्याला आले. जुनी मंडळी भेटली की त्यात भर पडते आणि गप्पा दर वेळी सोनवणेभाऊंपाशी येऊन अडकतात.

सुरतेच्या उधन्यातली आमची छोटी कंपनी कॉम्प्युटरवर मराठी-गुजराती मजकूर लिहायचा एडिटर बनवायची. नव्वदचं दशक, माउस नाही, सगळा कारभार कीबोर्डवर. मी क्लार्क. धुळ्याकडचे सोनवणेभाऊ एडिटरचं मॅन्युअल सांभाळायचे. त्यांची इच्छा एकच, पुस्तक पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत एकसारखं छापून यावं. दाबायची कळ चौकटीत, स्क्रीनवर दिसणारा मजकूर तिरका, इशारा ठळक आणि कृतीच्या आधी.

"नंतर इशारा देणं म्हणजे माणूस पडल्यावर 'जपून' म्हणणं!"

*

मालक जयेशभाईंना रेघा मारायचा शौक. मसुदा त्यांच्या टेबलावरून परत आला की ओळीओळीखाली रेघ!

"ग्राहकला दिसायला पाहिजे ने, सोनवणेभाई!"

"शेठ, वर्गातली सगळीच पोरं ओरडली तर ऐकायचं कोणाचं?"

"चालशे, चालशे!" म्हणत शेठनी उरलेल्या ओळींखालीही रेघ मारली.

*

प्रोग्रामर टिकायचे नाहीत. एक जण मॅन्युअलचा एक धडा लिहून बडोद्याला गेला. नंतरच्याने कळा कंसात टाकल्या, त्याच्या नंतरच्याने अवतरणात. दर वेळी सोनवणे पुन्हा पहिल्या पानापासून सुरू.

"भाऊ, चौकट काय नि कंस काय, दाबल्यावर काम होतं ना?" एकाने विचारलं.

"घरात दर खोलीत दिव्याचं बटण वेगळ्या भिंतीवर लावून बघ. काम होतंच!"

आम्ही हसायचो. छपाई मात्र पुढे पुढे जात राहिली. तेव्हाच उरकली असती तर, असं आता वाटतं.

*

घरीही तेच. नव्या कुकरसाठी त्यांनी स्वयंपाकघरात सूचना चिकटवल्या. इशारा ठळक, 'बंद करा' चौकटीत आणि शिट्टी तिरकी!

"हाई काय शे?" वहिनी म्हणाल्या. "मी वरण लावते की विमान उडवते?"

कागद मात्र त्यांनी काढला नाही.

*

अखेर पुस्तक छापून झालं. पण तोवर गिऱ्हाईकं माउसवालं मागू लागली होती. जयेशभाईंनी एडिटर बंद केला आणि छापखान्यातून गठ्ठे उचललेच नाहीत.

"हवे शुं, सोनवणेभाई! आता वाचणार कोण?"

सोनवण्यांनी एवढंच विचारलं, "छापून कसं आलंय?"

कोणीच पाहिलं नव्हतं. छापखान्याने गठ्ठे रद्दीत घातले.

*

काही महिन्यांनी आम्ही दोघं उधना स्टेशनबाहेर खमण घ्यायला थांबलो. दुकानदाराने दोन पुड्या बांधून दिल्या. सोनवण्यांनी आपली पुडी उलगडली, क्षणभर पाहिलं आणि सगळं खमण माझ्या कागदावर ओतलं. रुमालाने तेल टिपलं, चष्मा लावला.

कळा चौकटीत. मजकूर तिरका. इशारा ठळक, कृतीच्या आधी. त्यांनी कागद उलटून मागची बाजूही तपासली.

"भाऊ, खमण गार होतंय," मी म्हटलं.

ते दुकानदाराकडे वळले. "अजून एक द्या."

"काका, पहिलं तर खाल्लंच नाही!"

"द्या हो. पण याच्या पुढच्या पानात बांधा."