वळणावरचा वीरगल्लु

बोगादीतल्या आमच्या शेजारीण काकू नव्या भाडेकरूला आधी तळं दाखवतात, मग वड, मग वीरगल्लु, म्हणजे लढताना मेलेल्या वीराचा कोरीव दगड.

रस्ता रुंद करायला जेसीबी आला, तेव्हा काकू त्या दगडाला टेकून बसल्या आणि त्यांनी डबा उघडला. "मोदलु ऊट माडप्पा," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "आधी जेव बाबा, मग उचल."

त्याने चित्रान्न खाल्लं, हात धुतले, कोरलेल्या वीराकडे बराच वेळ पाहिलं आणि मुकादमाला फोन लावला. "सार, हे माझ्याने नाही होणार."

"काकू, रस्ता वाकडा झाला की हो," मी नंतर म्हटलं.

"असू दे गं. गावच्या गाईंसाठी त्याने जीव दिला. आपल्याला एक ब्रेक मारायला काय होतंय?"