चुन्याखालचा निळा रंग

वाळूजला शेड भाड्यानं घेतली तेव्हा पूर्वेच्या भिंतीत खिडकी पाडून द्यायचं मालकानं कबूल केलं होतं. भाडं मी घासाघीस करून चांगलंच खाली आणलं होतं. त्याचा राग त्यानं खिडकीवर काढला, असं मी आजही धरून चालते. किल्ली हातात आली त्या दिवशी आत खिडकी नव्हती, भिंतीवर नुसता चुना मारलेला होता. ट्यूबच्या उजेडात तो राखेसारखा दिसायचा.

आमचं काम रबराचं. साच्यातून निघालेल्या वायसरांच्या कडेला पातळ झालर राहते, ती कातरून काढायची. बायका गोणपाटावर बसून दिवसभर तेच करायच्या. त्यांच्यात सगळ्यात सफाईदार हात एका मावशीचा. मूळची फुलंब्रीकडची, बजाजनगरात खोली करून राहणारी. नाजूक माल मी तिच्याशिवाय कुणाला देत नसे. दसरा झाल्यावर ती म्हणाली की दिवाळीनंतर पलीकडच्या गल्लीतल्या युनिटमध्ये जाणार.

"तिथं उजेड हाय, ताई. इथं दिवस कवा मावळला ते कळत नाय."

मी भडकले. हा धंदा मी एकटीनं कसा उभा केला, कुणाकुणाला काम शिकवलं, सगळं ऐकवलं. ती ऐकत राहिली आणि कातरत राहिली. मालकाकडे खिडकीसाठी पुन्हा गेले, तर तो म्हणाला दिवाळीनंतर बघू. कुठल्या दिवाळीनंतर, हे तो कधीच सांगत नसे.

तेव्हा म्हटलं, आपणच भिंत सजवू. कातरलेल्या झालरीच्या काळ्या रिंगांची पोती पडलेली होती. पंक्चरवाल्याकडून सोल्युशन आणलं आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून भिंतभर रिंगांचा वेल चिकटवला. छान दिसला.

सुट्टीनंतर कुलूप उघडलं तर वेल जमिनीवर. प्रत्येक रिंगेनं चुन्याचा पोपडा सोबत ओढून आणला होता. खाली जुना निळा ऑइलपेंट होता, चकचकीत. मालकानं तो न घासता वर तसाच चुना फासला होता. तो टिकणार कसा? मी त्याला शिव्या घालत होते आणि मावशी भिंतीकडे बघत होती. रिंगा पडल्या होत्या, पण पांढऱ्यावर निळा वेल उरला होता, काळ्यापेक्षा उठावदार.

मावशीनं कातरायचं पातं घेतलं आणि एका पानाची कड नीट केली. "ह्याला चिकटवायचं कशाला? खरवडलं की झालं."

मग रोज डबा खाऊन झाला की पाती भिंतीवर चालू. घरी गेरूवर चुन्याची बोटं उठवायची सवय सगळ्यांना होती, इथं ते उलटं करायचं, एवढंच. मावशीनं वसुबारसेचं गाय-वासरू काढायला घेतलं. एकीनं काढलेल्या बैलाला शेजारी बैलच काढणारीनं शेळी म्हटलं, तर पहिली म्हणाली, "शेळीच हाय. दूध देती. तुझा बैल काय देतो?"

मालक आला आणि दारातच थांबला. "ये क्या हाल कर दिया दीवार का, ताई?" सगळा चुना माझ्या खर्चानं पुन्हा मारायचा, असं त्याचं म्हणणं. इतकी वर्षं मी ह्याच भांडणाची वाट बघत होते. चुना मारायचा तर आधी ऑइलपेंट घासा, आणि त्याच्याही आधी खिडकी पाडा, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. तो पायऱ्या उतरून गेला. पुढं खिडकी झाली नाही आणि चुनाही नाही. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

दिवाळीनंतर शेड उघडली त्या दिवशी मावशीची जागा रिकामी होती. तिच्या रोजात किती वाढ देऊन तिला परत आणायचं, ते मी मनात ठरवत होते. बऱ्याच उशिरानं ती डबा घेऊन आली. पलीकडं जाऊन बसून आले, म्हणाली.

"उजेड लई चांगला हाय तिथं."

"मग?"

"भिंत पत्र्याची हाय, ताई. पातं नुसतं किर्र वाजतं. आपली गाय आजून बिनशेपटीची राहिली."

ती गोणपाटावर बसली. मी तिच्यापुढं नाजूक माल ठेवला. वाढीचं काही बोलले नाही.