नाना आणि बोटीवरचा फ्रिज

नाना माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याच्या बॅगेत काय काय आहे ते विचारत. मी बोटीवर पहिल्यांदा चढलो तेव्हा माझ्या हातात सुरतेहून घेतलेली नवीकोरी इलेक्ट्रिक किटली होती. त्यांनी ती घेतली, उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवून बुडाशी छापलेला आकडा वाचला आणि म्हणाले, "पंधराशे वॉट. हिचा एक चहा म्हणजे माझ्या एका पंख्याची सहा तासांची हवा. हिले घरी ठेव." मग नाव विचारलं. मी परभणीचा, सुरतेत भेस्तानला भाड्याच्या खोलीत राहणारा, हे सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. किटली मात्र मी सुट्टीला उतरेपर्यंत त्यांच्या पेटीत कुलपात होती.

आमची बोट हजिऱ्यासमोर तापीच्या मुखाशी पाण्याची खोली मोजायची. बोट चालवणारे टंडेल, वायरमन नाना, स्वयंपाक करणारा एक भंडारी, एक खलाशी आणि आकडे उतरवणारा मी, एवढी पाच माणसं. एकदा नांगर टाकला की दहा-बारा दिवस किनाऱ्याची वीज दिसायची ती फक्त लांबून, कारखान्यांच्या दिव्यांत. आमच्याकडे छपरावर दोन सोलरच्या पाट्या, केबिनमधल्या बाकाखाली चार बॅटऱ्या, एक इन्व्हर्टर आणि सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास चालणारा जनरेटर होता. यावर पंखे, दिवे, मोबाइल, भंडाऱ्याचा मिक्सर, एक छोटा टीव्ही आणि एक छोटा फ्रिज चालवायचा. म्हणजे नानांनी चालवायचा. आम्ही फक्त कुरकुर करायचो.

नाना मूळचे पारोळ्याकडचे. सुरतेच्या गोडादऱ्यात राहून वीस वर्षं त्यांनी यंत्रमागांची वायरिंग केली होती. कारखाना बंद पडला म्हणून बोटीवर आले. पोहता येत नव्हतं, आणि पाण्याचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. सूर्यास्त बघायला आम्ही बाहेर आलो की ते पाठ करून बसत आणि सोलरची पाटी पुसत. माझ्याशी ते मराठी बोलत, पण विजेचा विषय निघाला की अहिराणीत घसरत. "किनाऱ्यावर वायर खांबावरून येस, तिचा शेवट कोनी पाहात नाही. आठे शेवट शे. तो ह्या बाकाखाली शे," असं म्हणून ते बाकावर हलकी थाप मारत. त्या बाकावर धपकन बसलेलं त्यांना चालत नसे. बसणाऱ्याच्या वजनाने बॅटरीला काही होत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. पण बसणाऱ्याला जाण राहावी म्हणून, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा स्विचबोर्ड बघण्यासारखा होता. खाऱ्या हवेत चिठ्ठ्या टिकत नाहीत, पेनची अक्षरं पुसतात. म्हणून नानांनी प्रत्येक बटणाला मागावरच्या सुताचा दोरा गुंडाळला होता. पांढरा दोरा म्हणजे कुणीही, कधीही. हिरवा म्हणजे जनरेटर चालू असतानाच. लाल म्हणजे हात लावायचा नाही. मिक्सर हिरवा होता. टीव्हीही हिरवा होता, त्यामुळे आम्ही कित्येक सामने शेवटच्या षटकाला सोडले. लाल दोरा एकाच बटणाला होता, आणि ते फ्रिजचं.

त्या फ्रिजमध्ये टंडेलांची इन्सुलिनची पेनं असत. टंडेल नवसारीकडचे, साठीला टेकलेले, तोंडाने फटकळ आणि मनाने लोणी. ऑफिसला त्यांच्या साखरेच्या गोळ्या माहीत होत्या, सुई माहीत नव्हती. कळलं असतं तर त्यांना त्याच दिवशी उतरवलं असतं. घरी धाकट्या मुलीचं शिक्षण चालू होतं. अजून चार वर्षं त्यांना बोट हवी होती. हे बरोबर की चूक यावर मी बरीच वर्षं विचार केला आहे, आणि उत्तर दर वेळी वेगळं आलं आहे. नानांनी विचार केला नाही. त्यांनी फ्रिज सांभाळला.

सांभाळला म्हणजे कसा? जनरेटर चालू झाला की पाण्याच्या बाटल्या बर्फाच्या कप्प्यात जायच्या, बंद झाला की त्याच बाटल्या खाली उतरायच्या, म्हणजे पुढचे कितीतरी तास फ्रिजला वीज जेमतेम लागे. पेनं मात्र बर्फाला चिकटायची नाहीत, म्हणून ती जुन्या धोतराच्या फडक्यात, दाराच्या कप्प्यात. दार दिवसातून दोनदाच उघडायचं, आणि उघडण्याआधी काय घ्यायचं ते तोंडाने म्हणायचं. भंडारी बिचारा फ्रिजसमोर उभा राहून "दूध, मिरची, लिंबू" असं म्हणे तेव्हा आम्हाला हसू आवरत नसे. येता-जाता नाना फ्रिजच्या दारावर तळहात ठेवत. टंडेल म्हणत, "नानाभाई, मारी बायको पण मारी एटली काळजी नथी राखती." नाना म्हणत, "त्यांना जनरेटर नाही ना."

त्या वर्षी खंडेनवमीला नाना कुळाचारासाठी दोन दिवस घरी गेले. जाताना मला म्हणाले, "बोर्ड तुझ्याकडे." मला केवढा अभिमान वाटला. आणि अभिमानाच्या भरात मी जे केलं ते माझ्यासारखा नवशिकाच करू शकतो.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची. भंडाऱ्याने सुरे धुतले, खलाशाने इंजिन पुसलं. मी स्विचबोर्ड घेतला. तेलाने, घामाने काळे पडलेले ते दोरे सणाच्या दिवशी मला बघवेनात. मी ते कात्रीने कापून टाकले, बोर्ड लखलखीत पुसला आणि प्रत्येक बटणाला पूजेचा लाल-पिवळा दोरा, ज्याला इकडे नाडाछडी म्हणतात, तो छान गाठ मारून बांधला. कुंकू लावलं, झेंडूचं फूल खोचलं. कोणतं बटण कशाचं हे मला पाठ होतं, निदान मला तसं वाटत होतं. पुजलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही, म्हणून जनरेटरही दिवसभर बंद ठेवला.

दुपारी चारच्या सुमारास इन्व्हर्टर शिट्टी वाजवू लागला. बॅटरी उतरली होती. काहीतरी बंद करायला हवं होतं. मी बोर्डासमोर उभा राहिलो, सगळी बटणं नवरदेवासारखी सजून एकसारखी दिसत होती. खालच्या ओळीतलं तिसरं रात्रीपासून चालूच राहिलेल्या डेकच्या दिव्याचं, असं स्वतःशी म्हणून मी ते बंद केलं. शिट्टी थांबली. मी खूश होऊन झोपाळ्यात पडलो. खालच्या ओळीतलं तिसरं फ्रिजचं होतं.

चालू पेन टंडेलांच्या पेटीत असल्यामुळे त्यांनी फ्रिज उघडला नाही, आणि सणाचं जेवण ताजं असल्यामुळे भंडाऱ्यानेही नाही. सणाच्या नादात बाटल्या हलवायचं मीही विसरलो. फ्रिज असलेली इंजिनशेजारची केबिन भट्टीसारखी तापायची. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या दुपारी, नाना छोट्या होडीतून आले. हातात फाफडा-जिलेबीचा पुडा, खिशात आपट्याची पानं. त्यांनी पुडा माझ्या हातात दिला, सवयीने फ्रिजवर तळहात ठेवला आणि तो तिथेच राहिला. मग त्यांनी बोर्डाकडे पाहिलं.

"धागा कोठे गयात?"

मी सांगितलं. नानांनी पेनं काढून पाहिली, फडक्यासकट कोमट झाली होती, आता त्यांचा भरवसा नव्हता. मग त्यांनी टंडेलांना विचारलं, "चालू पेन किती दिवस पुरेल?" टंडेल म्हणाले, "काल सवार सुधी." म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. नाना ज्या होडीने आले होते तिच्यातच परत बसले. ज्या माणसाला पाण्याकडे बघवत नसे, तो लाटांत फळी घट्ट धरून गेला. दसऱ्यामुळे निम्मी दुकानं बंद. कुठे कुठे फिरले देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते थर्मासमध्ये बर्फ आणि बर्फावर फडक्यात गुंडाळलेली चार पेनं घेऊन. आल्यावर पहिल्यांदा उलटी केली, मग बोर्डाला दोरे बांधले.

होडी ऑफिसची होती. परवानगीशिवाय एक फेरी जास्त का झाली आणि भाजी-दूध कसं नासलं, हे साहेबांनी विचारलंच. आम्हा सगळ्यांना जेटीवर बोलावलं होतं. नाना म्हणाले, "फ्रिजचं बटण जाताना माझ्या हातून बंद राहिलं, भाजी-दूध नासलं. आणि होडी मी घरच्या कामाला नेली." टंडेलांनी मान वर केली, काही बोलणार एवढ्यात नानांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गप्प बसले. मीही तिथेच उभा होतो. माझी नोकरी नवी होती, भेस्तानच्या खोलीत बायकोला सातवा महिना होता. ही कारणं खरी आहेत. पण मी तोंड उघडलं नाही, हेही तेवढंच खरं. बोटीवर वेगळा वायरमन कशाला, असं साहेबांना आधीपासून वाटत होतंच. महिना संपला आणि त्यांनी नानांना उतरवलं.

पुढच्या सुट्टीत मी गोडादऱ्याला गेलो. नाना पुन्हा एका कारखान्यात लागले होते, बारा तासांची पाळी. मागांच्या खडखडाटात बोलता येईना म्हणून आम्ही बाहेर चहाच्या टपरीवर बसलो. मी म्हणालो, "नाना, मी उद्या ऑफिसात जाऊन सांगतो, चूक माझी होती."

त्यांनी बशीतला चहा फुंकला. "मग काय होईल? तुलेबी काढतील. मी तर परत येत नाही. मग टंडेलपाशी कोन ऱ्हाईल? तुला माहीत शे सगळं, बाटल्या कधी चढवायच्या, कधी उतरवायच्या. म्हणून तर तुला ठेवला." मग बशी खाली ठेवून म्हणाले, "राग आला होता. लई आला होता. होडीत बसलो तव्हा वाटलं, परत गेल्यावर याला पाण्यात टाकतो. पण मला स्वतःलाच उलट्या व्हायला लागल्या."

मी हसलो आणि मला माझीच लाज वाटली. तोवर मला वाटत होतं की त्यांनी मला वाचवलं. त्यांनी मला कामाला लावलं होतं.

चार वर्षं मी बाटल्या चढवल्या आणि उतरवल्या. फ्रिजसमोर भंडाऱ्याकडून यादी म्हणवून घेतली, नव्या माणसांच्या बॅगा तपासल्या, त्यांच्या शिव्या खाल्ल्या. टंडेलांची मुलगी नर्स झाली. मग एक दिवस ते हार गळ्यात घालून जेटीवर उतरले, आणि त्याच दुपारी मी ऑफिसात गेलो. जुनेच साहेब होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: बटण, दोरे, इन्सुलिन, होडी, आणि नानांची त्यात काही चूक नव्हती.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग कपाळाला आठी घालून म्हणाले, "नाना कोण?"

मी बाहेर येऊन नानांना फोन लावला. मागांचा आवाज येत होता. चार वर्षं मनात घोळवलेलं सगळं मी ओरडून ओरडून सांगितलं, साहेबांना नावही आठवलं नाही हे सुद्धा. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

मग ते म्हणाले, "टंडेलच्या गावाले लाइट जास का रे?"

मी म्हणालो, "नाही नाना. चोवीस तास असते."

"मग बरं शे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला, पाळीची वेळ होती म्हणून. मी जेटीच्या कठड्याला धरून बराच वेळ रडलो.